संगीतीचा उतार

१२ जानेवारी २०२५

ताई,

शाळेत पत्राले पाच मार्क रायचे. मले साडेतीन भेटले होते, कारण मामाले पत्र लिहिलं अन् खाली सही बी मामाचीच करून देल्ली. तू पोट धरून हासली होती. म्हणून नमस्कार वगैरे काही टाकत नाही, चुकन. मी उज्ज्वला. तुही उज्जी.

पत्ता तुह्या सासूनं देल्ला. बाजारात मी मेथी घेऊन राह्यली होती. मैनाकाकी बाजूले येऊन उभी राह्यली, माह्या पिशवीत जुडीखाली एक चिठ्ठी सारली अन् भाजीवालीकडं पाहून म्हणे, "कवळी हाये, घे." मारोतकाका दोन दुकानं सोडून मिरची पाहत होते. चिठ्ठीवर तुहा हिंगण्याचा पत्ता, पिंटूभाऊच्या अक्षरात. म्हणजे त्यायच्या घरी बी असंच चालू हाये. तिकडं मारोतकाका पोराशी बोलत नाही, इकडं आपला बा.

फोन काहून नाही केला म्हणशीन. तुहा जुना नंबर लागत नाही. अन् लागला असता तरी मी हॅलोच्या पुढं जात नाही, तुले माहीत हाये. कागदावर मले बोलता येते. कागद तोंडाकडं पाहत नाही.

काम हाये म्हणून लिहून राह्यली. आपला तांडा कागदावर गाव नाही. आपण चिंचखेडीत मोजल्या जातो, म्हणून रोड चिंचखेडीले, दवाखाना चिंचखेडीले, पाचवीपासूनची शाळा बी चिंचखेडीले. आता नवीन ग्रामसेविका आल्या, निकिता मॅडम. स्कुटीवर येतात अन् चहा बिनसाखरेचा पेतात. त्या म्हणे, तांड्याचं आपलं गाव करायचं असन तं अर्ज करा, अन् अर्जासंग टिपण लावा. गाव कधी बसलं, कोणं बसवलं, चारही बाजूले काय काय हाये, घरं किती.

आपल्या लिंबाखाली सगळे जमले. मॅडमनं कार्डं मागतले. भागीरथा आजीच्या रेशन कार्डावर 'थावरा नाईक तांडा'. बाच्या मतदान कार्डावर आजाचं नाव, 'सेवादास नाईक तांडा'. माह्या आधारवर 'देवसिंग नाईक तांडा', म्हणजे बाचं. मॅडमनं चष्मा काढला.

"तीन तांडे आहेत का तुमचे?"

"तांडा एकच हाये बाई," भागीरथा आजी म्हणे. "नाईक मरत गेले."

बा बी हासला. लय दिसानं हासला. मंग मॅडमले सांगा लागलं का आपल्यात तांड्याले नाईकाचंच नाव रायते, नाईक बदलला का नाव बदलते. मॅडम म्हणे, सरकारले असं नाही चालत. एक ठरवा अन् मंग बदलू नका.

टिपण लिहीन कोण? तर बा म्हणे, "आमची उज्ज्वला लिहीन. अक्षर चांगलं हाये तिचं."  नाही म्हणायले बी तोंड उघडा लागते, म्हणून हौ झालं.

तू दहावीत असताना तांड्याचा नकाशा काढला होता, भूगोलाच्या बाईनं शाळेच्या भिंतीवर लावला होता. मंग तू घरी आणला. तो आता घरी नाही. काहून नाही थे तुले समजन. त्याच्यात काय काय होतं थे आठवून लिहून पाठव. मले एवढंच आठवते का विहीर तू निळी रंगवली होती, अन् लालीकाकीच्या बकऱ्या मोजून नऊ काढल्या होत्या, अन् एका बकरीले पाच पाय झाले होते.

याडी बरी हाये. मायचे गुडघे तेवढे दुखतात. शाळेचं नंतर सांगते.

उज्जी


२७ जानेवारी

ताई,

उत्तर आलं नाही. पोस्टमन आपल्याकडं येत नाही, चिंचखेडीच्या ग्रामपंचायतीत टाकून जाते. माहं पत्र आलं तं ठेवून द्या असं मी मॅडमले सांगितलं. खरं म्हणजे सांगितलं नाही, चिठ्ठीवर लिहून देल्लं. त्यायनं बी चिठ्ठीवरच लिहून देल्लं, 'बरं'. मले लय आवडल्या त्या.

भागीरथा आजीकडं चार दुपारा बसली. ती कापूस निवडत सांगते, मी लिहिते. तिनं सांगितलेलं तुले बी लिहून ठेवते.

थावरा नाईकाचा तांडा लदेणीवर रायचा. बैलायवर मीठ लादायचं, धान्य लादायचं, या मुलखातून त्या मुलखात न्यायचं. घराचं सामानसुमान बी बैलावरच. त्यात सगळ्यात जड काय, तं जातं. सांजच्याले उतरवा, सकाळी चढवा. अशे किती साल गेले कोण जाने. एक दिस या टेकडीखाली थांबले. सकाळी थावराच्या बायकोनं सगळं लादलं, पण जातं नाही लादलं. थावरा म्हणे, "चढव." ती म्हणे, "मी नाही चढवत. ज्याले भाकर खायची त्यानं चढवावं." तिचं पाहून दुसऱ्या बायायनं बी आपआपले जाते खाली ठेवून देल्ले. तीन दिस भांडण झालं. चौथ्या दिशी थावरानं गुपचूप झोपडीचा खांब गाडला.

"म्हणजे पाण्यासाठी नाही बसले?" मी विचारलं. मास्तर सांगे का गावं पाण्याजवळ बसतात.

"पाणी तं सगळीकडं होतं. बायकायची कंबर एकच होती."

"तिचं नाव काय होतं, आजी?"

"थावराची बायको."

"नाव होतं न काही?"

आजी लय वेळ बोंडातली सरकी काढत राह्यली. "असन. मले कोणं सांगितलं नाही."

टिपणात 'गाव कोणी बसवलं' असं हाये. मी थावरा लिहिलं. दुसरं काय लिहू?

त्या जात्याची खालची तळी लिंबाखाली हाये न, आपण बसतो थे. वरची कुठी गेली त्यावरून भागीरथा आजी अजून लालीकाकीशी धड बोलत नाही. म्हणे लालीच्या नवऱ्यानं ढाणकीच्या बाजारात विकली अन् दारू पेला. काका मरून चार साल झाले, पण आळ जिताच हाये.

आता चतुःसीमा. पश्चिमेले सागाची टेकडी. उत्तरेले डांबर रोड अन् फाटा. दक्षिणेले गायरान, विहीर अन् मसनवटा. पूर्वेची ओळ मी कोरी ठेवली.

ताई, तुले माहीत नसन, तू गेली त्याच्या दुसऱ्याच दिशी बानं तुह्या उतारावर, नाला पार करायले तू टाकलेल्या दगडायवर, बाभळीच्या काट्या टाकल्या. सगळा तांडा आता रोडनं फिरून चिंचखेडीत जाते, चार किलोमीटर. अन् घरात तुह्यं नाव घ्यायचं नाही असं सांगितलं. नाईकानं सांगितलं म्हणजे तांड्यानं बी बाच्या पुढं घ्यायचं नाही. पण त्या जागेले दुसरं नावच नाही न. मांगून सगळे 'संगीतीचा उतार'च म्हणतात. बा समोर असला का मंग गंमत होते. पोळ्याच्या आधी लालीकाकीची बकरी हरवली. कोणं पोट्टं पयत आलं.

"काकी, तुही बकरी तठी हाये!"

"कुठी?"

"तठी... थ्या..." पोट्ट्यानं बाकडं पाह्यलं. "खाली."

"खाली कुठी?"

"पाणी हाये तठी."

"विहिरीत पडली का रे?" लालीकाकी बोंबलत विहिरीकडं पयाली, अर्धा तांडा तिच्या मांगं. बकरी उतारावर आरामात बेशरमाचा पाला खात उभी होती. बाले सगळं समजत होतं. तंबाखू मळत बसला.

मॅडमनं सांगितलं, उतार टिपणात असन, तांड्यानं बांधला असं असन, तं ती वाट तुमची. मंग तठी पूल मागता येते. नसन तं नाल्यापर्यंत चिंचखेडीचं. म्हणून मी बाले विचारलं, पूर्वेले काय लिहू.

"नाला लिही."

"नाला तं लांब हाये. कुठचा नाला?"

"नाला म्हणजे नाला."

लालीकाकीचा नातू बादल जूनमध्ये पाचवीत जाईन. आपल्या तांड्यात चौथीपर्यंतच हाये. तो सहा सालाचा वाटते अजून, एवढासाक हाये. चार किलोमीटर कसा जाईन?

उतारावर दगड किती, कोणत्या साली टाकले, कोणं टाकले, हे पायजे. काट्यायच्या फटीतून मी नऊ मोजले. बरोबर हाये का? तेवढं तरी लिहून पाठव.

उज्जी


९ फेब्रुवारी

ताई,

तू लिहीत नाही. बरोबर हाये तुह्यं. मी बी खरं लिहिलं नाही.

शाळेचं नंतर सांगते म्हटलं होतं. मी शाळा सोडली. नववीत गेलीच नाही. तू म्हणायची का उज्जी बारावी करीन, मंग डीएड करीन, मंग आपल्याच तांड्यात मास्तरीन होईन. मी त्या जूनमध्ये आठ दिस रोडनं गेली. एकटी. आधी तू रोज उतारापर्यंत यायची, मी पलीकडं चढेपर्यंत उभी रायची, अन् 'पळ' म्हणायची. रोडवर कोणीच 'पळ' म्हणत नव्हतं. नवव्या दिशी मी फाट्यावरून वापस आली. याडीनं हातात खुरपं देल्लं. माह्यासंग आणखी दोघी घरी बसल्या. आता मी वावरात जाते, कापूस वेचते, तुरी सोंगल्या आत्ताच. काम वाईट नाही. पण टिपण लिहायले बसली का बोटं सुधी होत नाहीत.

हे अर्धंच हाये.

तू गेली त्या सकाळी घागरीएवढं पितळेचं गुंड घेऊन निघाली होती, पाण्याले चालली म्हणून. गुंडात कपडे होते. मले तूच सांगितलं होतं, का सातची आर्णीची गाडी हाये, पिंटू चिंचखेडीत उभा हाये, कोणाले सांगू नको. मी म्हटलं नाही सांगणार. मी कधी कोणाले काही सांगतच नाही, म्हणून तर तू मले सांगितलं.

बा वावरातून लवकर आला. "संगीती कुठी हाये?" याडीले माहीत नव्हतं. मले विचारलं. मी बोलली नाही, ताई, खरंच एक शब्द बोलली नाही. पण बा माह्याकडं पाहतच राह्यला, अन् माहं बोट वर झालं. उताराकडं.

बा पयाला. मांगून काय झालं थे मले लोकायनं सांगितलं. गाडी उभी होती. तू दारात होती. बानं तुले ओढलं नाही, मारलं नाही. तुह्या हातातलं गुंड घेतलं, कपडे तुह्या पायापाशी उलटे केले, अन् रिकामं गुंड घेऊन वापस आला. स्टँडवर सगळी चिंचखेडी पाहत होती. गुंड आणून आड्याले उलटं टांगलं. अजून तठीच हाये.

सगळे म्हणतात लालीकाकीनं सांगितलं, ती तव्हा उतारावर बकऱ्या चारत होती. तुले बी तसंच वाटत असन. तू तिले काकी काकी करायची अन् जाताना तिच्याकडं पाह्यलं बी नाही म्हणे. तिनं सांगितलं नाही. मी बोट दाखवलं.

तीन साल झाले. आता लिहून टाकलं. तू उत्तर नाही देल्लं तरी चालते. पण लालीकाकीवर राग नको ठेवू.

उज्जी


२३ फेब्रुवारी

ताई,

तुह्यं पत्र भेटलं. मॅडमनं वहीत घालून आणलं, बाच्या समोर वही मले देल्ली अन् म्हणे, "हे नमुने पाहून ठेव." लय हुशार बाई हाये.

गोठ्यात जाऊन वाचलं. पाच ओळी हायेत. मले पाठ झाल्या.

'दगड नऊ नाही, अकरा. दोन मारोतकाकाच्या बाजूले गाळात गेले असतील. खोद. सन २०१३, मी पाचवीत होती. अकरावा निघाला तं बाले एकदम दाखवू नको. बोट मी पाह्यलं होतं. उतारावरून आपलं दार दिसते.'

मी शेवटची ओळ वाचून गोठ्यातच बसली. तू पाह्यलं होतं. तीन साल तुले माहीत होतं. अन् मी इकडं तीन साल...

तू रागावली का नाही थे लिहिलं नाही. कशी हाये थे बी लिहिलं नाही. पण 'खोद' लिहिलं, म्हणून मी खोदलं.

आधी लालीकाकीकडं गेली. तिले तोंडानं सांगितलं, चिठ्ठी नाही देल्ली. "काकी, मी सांगितलं होतं बाले. तू नाही." एवढंच निघालं. ती चुलीपुढं होती, भाकर उलटत म्हणे, "मले माहीत नाही का मी नाही सांगितलं थे? मले आळाची सवय झाली पोरी. आधी जातं, मंग संगीती." मंग तिले समजलं का मी रडून राह्यली. "चूप, चूप. भाकर करपते." अन् सब्बल घेऊन तीच पुढं झाली.

बा महागावले गेला होता. आम्ही काट्या बाजूले सारल्या. नाला आटला हाये, गुडघ्याखाली पाणी. दहावा दगड हातभर गाळाखाली भेटला. अकरावा भेटेना. लालीकाकी सब्बल मारत होती अन् तुले शिव्या देत होती, "एवढीशी पोट्टी अन् एवढे धोंडे, हिले कोणं सांगितलं होतं..." अन् सब्बल टण् वाजली. आम्ही हातानं गाळ काढला. गोल निघाला. मधात भोक.

जात्याची वरची तळी, ताई!

काकी पाण्यातच बसली. लुगडं सगळं भिजलं. आधी हासली, मंग रडली, मंग मले म्हणे, "हिनं नेली कशी ही?" मी सांगितलं, गोल हाये न, गुडगुडवत नेली असन. पाचवीतल्या पोरीले उचलत नाही, पण चाकासारखी ढकलता येते. मले तं दिसलंच, तू मांगं मांगं पयत चालली हाये अन् जातं पुढं.

काकी तशीच ओली भागीरथा आजीकडं गेली. मी मांगं.

"ये बुढे! माह्या नवऱ्यानं जातं विकलं नाही. संगीतीच्या उतारात हाये. चल पाहाले."

आजीनं सरकी काढता काढता वर पाह्यलं. "विकलं नाही?"

"नाही!"

आजीनं लय विचार केला. "मंग तो दारू कायची पेला?"

काकीनं कपाळावर हात मारला. पण मंग दोघी एकाच बाजेवर बसल्या, चहा झाला. बारा साल झाले होते.

तळी आम्ही जागेवरच ठेवली, नुसती धुतली. काट्या परत लावल्या. बाले कोणं सांगितलं नाही. सगळ्या तांड्याले माहीत हाये अन् बाले माहीत नाही, अशी गोष्ट आपल्या तांड्यात पहिल्यांदाच झाली असन.

पाहणी पाच मार्चले हाये. मॅडम चिंचखेडीच्या लोकायले बी बोलवणार. नाल्याच्या पलीकडं मारोतकाकाचं वावर हाये, त्यायनं कळवलं का उतार त्यायचा हाये. मले दोन राती झोप नाही.

उज्जी


६ मार्च

ताई,

झालं. सगळं सांगते, मधात तोडू नको. (तू कशी तोडशीन म्हणा.)

काल सकाळी बानं सोताच काट्या काढल्या. मॅडम येणार म्हणून काढाच लागत होत्या. कोयत्यानं ओढून धुऱ्यावर टाकल्या, दगडायकडं पाह्यलं नाही, पाठ करून उभा राह्यला. पूर्ण तांडा काठावर. पलीकडं मारोतकाका, संग चिंचखेडीचे चार जण. मैनाकाकी बी आली होती, दूर तुरीच्या खुंटायत उभी.

मॅडमनं बाकीच्या तीन सीमा लिहून घेतल्या. मंग विचारलं, "पूर्वेला कोणती खूण?"

"नाला," बा म्हणे.

"नाला कुठला, देवसिंगजी? खूण सांगा."

बा पाठ करूनच उभा.

"याहीची खूण नाहीच अठी," मारोतकाका पलीकडून म्हणे. "हा उतार माह्या धुऱ्याचा हाये. माह्या आजानं टाकले हे दगड, वावरात यायले."

"तुह्या आजानं?" भागीरथा आजी काठी टेकत पाण्यात उतरली. मी धरायले गेली तं मले झटकलं. "तुह्या आजानं जातं कायले टाकलं मंग नाल्यात? वावरात दळायचा का तो?"

लोकं हासले. मारोतकाकानं खाली पाह्यलं. त्याच्याच पायापुढं होतं थे, गोल, मधात भोक. बा वळला. मी त्याचं तोंड पाह्यलं नाही, माही हिंमत नव्हती. तो पाण्यात उतरला, एकेका दगडावर पाय देत गेला, तीन सालानंतर पहिल्यांदा, अन् अकराव्यापाशी बसला. भोकातला गाळ बोटानं काढला. पाणी टाकलं. परत काढला. आजीले विचारलं नाही, का हेच का. त्याले समजलं.

"हे जातं तांड्याचं आहे?" मॅडम.

"थावराच्या बायकोचं हाये," आजी म्हणे. "खालची तळी याच्या दारात हाये, जोडून पाहा."

"मग इथं कोणी आणलं? आणि या जागेला काय म्हणतात तुम्ही? काहीतरी म्हणत असाल ना?"

 चाळीस माणसं, सगळ्यायचं पाहणं आपआपल्या पायाकडं. लालीकाकी पदर चावून राह्यली होती. बा तठीच बसला होता, जात्यावर हात ठेवून. मॅडमचा पेन थांबला होता. मले वाटलं आता ती 'नाला' लिहीन अन् वही मिटवन. मी उभी होती थ्या जागेवरून आपलं दार दिसत होतं, ताई. अन् माहं बोट परत वर होऊन राह्यलं होतं. मी दुसऱ्या हातानं थे धरलं.

"संगीतीचा उतार," मी म्हटलं.

लय बारीक आवाज निघाला. मलेच ऐकू आला नाही धड. बा पाण्यातून उठला. मले वाटलं आता गेलं सगळं.

"मोठ्यानं सांग," बा म्हणे. "मॅडमले ऐकू गेलं नाही."

मी परत सांगितलं. मोठ्यानं. माहा आवाज टेकडीले लागून वापस आला, खरंच. "संगीतीचा उतार. माह्या बहिणीनं बांधला. सन दोन हजार तेरा. ती पाचवीत होती. दगड अकरा." पाठ होतं न मले.

मॅडमनं पलीकडं पाह्यलं. "तुमचं काय म्हणणं?"

मारोतकाकानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं. बाकडं पाह्यलं, मंग आपल्या बायकोकडं पाह्यलं. ती तुरीच्या खुंटायतून जवळ आली होती. "आमच्याकडं बी तेच म्हणतात," मारोतकाका म्हणे. "लिहा."

दोघं बाप मधात जातं ठेवून उभे होते. बोलले नाही. पण मारोतकाकानं तंबाखूची डबी काढली अन् अकराव्या दगडावर ठेवली, अन् बानं ती उचलली.

नाव बी ठरलं. मॅडमनं विचारलं, तांडा आता कोणाच्या नावानं. सगळे म्हणे देवसिंग नाईक, तोच नाईक हाये. बा म्हणे नाही, थावरा लिहा, जो बसला त्याचं. "बसला नाही, बसवला," भागीरथा आजी म्हणे. मॅडमनं आजीचं बी टिपणात घेतलं. 'थावरा नाईक यांच्या पत्नीने जाते उतरवल्यामुळे वसाहत झाली.' मी लिहिलं थे, माह्या अक्षरात. नाव नाही भेटलं तिचं, पण ओळ हाये.

आता कागद महागावले जाईन, मंग कुठी कुठी जाईन. गाव होईन का नाही, मॅडमले बी माहीत नाही. पण आज सकाळी बादल अन् दोन पोट्टे उतारावरून इकडून तिकडं उड्या मारून राह्यले होते, तिकडच्या शाळेत जायचं नसताना.

अन् हे ऐक. काल पाहणी झाल्यावर बा घरी आला नाही लवकर. आला तं धोतर मांडीपर्यंत ओलं. याडीनं विचारलं, कुठी होता. तो म्हणे, "अकरावा हालते."

याडीनं बसायले पाट देल्ला.

"दोनदा बसवून पाह्यला. नाही बसत. ज्यानं ठेवला त्यालेच माहीत कसा बसते." मंग पाट घेतला, त्यावर चढला, अन् आड्याचं गुंड काढलं. याडीपुढं ठेवलं. "चिंचेनं घास. काळं पडलं."

याडी अजून घासून राह्यली हाये. गुंड कव्हाचं चमकून राह्यलं, तरी घासते.

मी विचारलं, "बा, तसं लिहू का?"

"काय तसं?"

"हालते म्हणून."

"तुले जे लिहायचं थे लिही. लिहायले बसवलं न मी तुले." दारात जाऊन थांबला. "अन् पाकिटाले डिंक नीट लाव. मांगच्या टायमाले उघडंच चाललं होतं."

म्हणजे त्याले बी दोन महिने माहीत होतं. आपल्या घरात कोणाले काही माहीत नसते असं नाही, ताई. कोणी सांगत नाही फक्त.

होळी तेराले हाये. लेंगीचे गाणे सुरू झाले तांड्यात, लालीकाकीचा आवाज बसला हाये पण ती मानत नाही. आर्णीकडून येणारी गाडी चिंचखेडीत दहाले लागते. पिंटूभाऊले घेऊन ये. मैनाकाकीनं मेथी घेऊन ठेवली असन. मी उतारावर उभी राहीन, अन् तू पलीकडं दिसली का 'पळ' म्हणीन, मोठ्यानं.

पण अकराव्यावर पाय जपून ठेवजो. हालते.

उज्जी